रुग्णशय्या आणि प्रश्नपेढी

डॉक्टर होऊ पाहणाऱ्या प्रत्येक तरुणाच्या आयुष्यात एक वर्ष असे येते की, त्या वर्षी तो निव्वळ विद्यार्थी नसतो आणि पुरता डॉक्टरही झालेला नसतो. साडेचार वर्षांचा अभ्यास संपलेला असतो, एमबीबीएसची अखेरची परीक्षा पार पडलेली असते, आणि आता वर्षभर त्याने रुग्णालयाच्या निरनिराळ्या विभागांतून काम करावे, हाताला वळण लावून घ्यावे, आणि मगच स्वतंत्रपणे व्यवसाय करण्याचा कायमचा अधिकार मिळवावा, अशी नियमाची अपेक्षा असते. या वर्षाला आंतरवासिता असे नाव आहे. नाव जरा जड असले, तरी त्यामागील कल्पना अगदी साधी आहे. रंधा हाती धरल्यावाचून कोणी सुतार होत नाही आणि वर्गात उभे राहिल्यावाचून कोणी शिक्षक होत नाही. तद्वतच रुग्णाच्या उशाशी उभे राहिल्यावाचून कोणी डॉक्टर होत नाही. परंतु हेच वर्ष आज आपल्या वैद्यकीय शिक्षणातून नाहीसे होऊ लागले आहे. ते कागदावर आहे, हजेरीपटावर आहे, सहीशिक्क्यांनिशी भरलेल्या लॉगबुकातही आहे. नाही ते फक्त त्या तरुणाच्या मनात. त्याच्या मनात ‘नीट-पीजी’ आहे. हा प्रश्न विद्यार्थ्यांचा आहे, तो त्यांचा त्यांनी पाहून घ्यावा, असे समजून वाचकांनी पान उलटू नये. या वर्षाची किंमत अखेरीस रुग्णाला मोजावी लागते, आणि रुग्ण होण्याची पाळी कोणाला चुकली आहे?

पदव्युत्तर वैद्यकीय अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी जी एक राष्ट्रीय परीक्षा घेतली जाते ती ही नीट-पीजी. प्रश्न २००, वेळ साडेतीन तास, प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय, बरोबर उत्तरास ४ गुण आणि चुकीच्या उत्तरास एक गुण वजा. एमबीबीएसचे सगळेच्या सगळे १९ विषय तिच्या पोटात येतात. २०२४ पासून प्रश्नपत्रिकेचे पाच भाग पाडण्यात आले असून ४० प्रश्नांच्या प्रत्येक भागास ४२ मिनिटे मिळतात, म्हणजे एका प्रश्नास ६३ सेकंद. या ६३ सेकंदांच्या दोनशे तुकड्यांवर त्या तरुणाची पुढील तीस-चाळीस वर्षे ठरतात. त्याने क्ष-किरणशास्त्रात जावे की शरीरक्रियाशास्त्रात, हृदयरोगाकडे वळता येईल अशी वैद्यकशास्त्राची एम.डी. करावी की न आवडणाऱ्या विषयात दिवस काढावेत, हे त्याचा क्रमांक सांगतो. शासनाने संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार २०१४ पूर्वी देशात एमबीबीएसच्या ५१,३४८ आणि पदव्युत्तर ३१,१८५ जागा होत्या. २०२४ मध्ये त्या अनुक्रमे १,१२,११२ आणि ७२,६२७ झाल्या. जागा वाढल्या ही समाधानाची गोष्ट होय. तथापि २०२५ मध्ये या परीक्षेस बसणारांची संख्या दोन लाख चाळीस हजारांच्या घरात होती. आणि ज्यांवर सर्वांचा डोळा असतो अशा विषयांच्या जागा एकूण जागांच्या मानाने थोड्याच. शर्यत का लागते, हे सांगण्यास आणखी आकड्यांची गरज नाही.

आम्ही या परीक्षेचे शत्रू नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. अखिल भारतीय कोट्याची एक परीक्षा, प्रत्येक राज्याची आपापली दुसरी, आणि खाजगी महाविद्यालयांच्या तऱ्हेतऱ्हेच्या परीक्षा व त्यांच्या आडोशाने चालणारे देणग्यांचे व्यवहार, असा काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांस एकच सामायिक परीक्षा ही सुधारणा वाटावी यात नवल नाही. २०१३ च्या प्रवेशांसाठी ती प्रथम झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्दबातल ठरविली. एप्रिल २०१६ मध्ये न्यायालयाने आपला तो निर्णय मागे घेतला, आणि २०१७ च्या प्रवेशांपासून ती पुन्हा रुळावर आली. ज्याच्या पाठीशी ना घराणे ना पैसा, अशा खेड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलालाही मुंबईतल्या नामांकित महाविद्यालयाचे दार तिने खुले केले, हे तिचे श्रेय कोणी नाकारू नये. आमची तक्रार परीक्षेविषयी नसून तिच्या जागेविषयी आहे.

ही जागा कोणती ते पाहा. २०२४ साली परीक्षा ११ ऑगस्टला झाली, आणि आंतरवासिता पूर्ण करण्याची अखेरची मुदत होती १५ ऑगस्ट. २०२५ साली परीक्षा ३ ऑगस्टला झाली, आणि ती मुदत होती ३१ जुलै. मूळ वेळापत्रकाप्रमाणे तर ही परीक्षा १५ जूनलाच, म्हणजे मुदतीच्या सहा आठवडे आधीच व्हावयाची होती. याचा अर्थ असा की, आंतरवासितेचे वर्ष आणि परीक्षेच्या तयारीचे वर्ष ही दोन्ही एकच आहेत. एकाच तरुणाने सकाळी वॉर्डात मन लावावे, रात्री कॅज्युअल्टीत जागावे, आणि मधल्या वेळात १९ विषयांची उजळणी करावी, असे आपण त्यास सांगत आहोत. हे करणारे काही असामान्य तरुण असतात. परंतु नियम असामान्यांसाठी करावयाचे नसतात.

त्यातही ही परीक्षा अमुक दिवशी होणार म्हणजे होणारच, अशी खात्री असती तर काही सावरून घेता आले असते. गावची जत्रादेखील पंचांगातली तिथी चुकवीत नाही. ही राष्ट्रीय परीक्षा मात्र २०२१ मध्ये ११ सप्टेंबरला, २०२२ मध्ये २१ मेला, २०२३ मध्ये ५ मार्चला, आणि पुढील दोन वर्षी ऑगस्टमध्ये, अशी महिन्यामहिन्यांतून भटकत राहिली. २०२१ चा विलंब महामारीमुळे झाला, तो समजण्यासारखा आहे. परंतु २०२४ चे काय? प्रथम ३ मार्च, मग ७ जुलै, मग २३ जून अशा तारखा जाहीर झाल्या. आणि २३ जूनला सकाळी परीक्षा असताना २२ जूनच्या रात्री ती पुढे ढकलल्याची घोषणा झाली. इतर परीक्षांच्या गैरप्रकारांनी तेव्हा देश ढवळून निघाला होता आणि खबरदारी म्हणून हे पाऊल उचलले, असे शासनाने सांगितले. खबरदारी घ्यावी, परंतु ती आदल्या रात्री सुचावी काय? कोणी रेल्वेने रात्रभर प्रवास करून परगावच्या केंद्राजवळ उतरला होता, कोणी उसनी रजा काढून आला होता. त्या सर्वांस पुन्हा सात आठवडे तीच पुस्तके उघडून बसावे लागले. पुढे परीक्षा दोन सत्रांत झाली, दोन प्रश्नपत्रिकांच्या गुणांचा मेळ घालण्याच्या सूत्रावरून वाद पेटला, आणि ३० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, दोन प्रश्नपत्रिका सारख्याच अवघड असू शकत नाहीत, सबब परीक्षा एकाच सत्रात घ्या. जी गोष्ट शाळेतल्या शिक्षकालाही ठाऊक असते, ती सांगण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायासनाचा वेळ खर्ची पडावा, हे परीक्षा घेणारांस भूषणावह नव्हे.

तारखेच्या या अनिश्चिततेचा परिणाम असा होतो की, आंतरवासी तरुण वर्षभर सज्ज राहतो आणि म्हणून वर्षभर दुसऱ्या कशालाच मोकळा होत नाही. तो अंगाने वॉर्डात असतो; परंतु त्याच्या हातातील भ्रमणध्वनीवर प्रश्नपेढी उघडलेली असते. सोपी नेमणूक कोणत्या विभागाची, हजेरीबाबत सैल कोण, सही करून सोडून देणारे प्रमुख कोण, याचे ज्ञान वरच्या तुकडीकडून खालच्या तुकडीकडे वारशाने जाते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील नेमणूक म्हणजे अभ्यासाची सुटी, असे उघडपणे बोलले जाते. सामाजिक वैद्यकासाठी नियमांनी १२ आठवडे राखून ठेवले आहेत, ते गावाची प्रकृती समजावी म्हणून. अभ्यासिकेत बसता यावे म्हणून नव्हे. १९४६ साली भोर समितीने आपल्या अहवालात असा डॉक्टर कल्पिला होता की, जो रोगाइतकाच समाजही ओळखील, आणि त्यासाठी तीन महिन्यांचे प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे शिक्षण तिने सुचविले होते. त्या कल्पनेचा वारसा सांगणारे आठवडे आज पर्यायांची पाठांतरे करण्यात सरतात.

यात केवळ तरुणांस दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. रुग्णालयांनी आंतरवासीकडे विद्यार्थी म्हणून पाहणे केव्हाच सोडले आहे. रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पोहोचविणे, अहवालांचे कागद आणणे, रुग्णाची ट्रॉली ढकलणे, अर्ज भरणे, ही कामे शिपायांच्या व परिचरांच्या जागा रिकाम्या असल्यामुळे त्याच्या गळ्यात पडतात. ज्या वर्षी त्याने बाळंतपण करावयास, टाके घालावयास, शीर शोधून सलाईन लावावयास, आणि सर्वांत अवघड म्हणजे नातेवाइकांस वाईट बातमी सांगावयास शिकावे, त्या वर्षी तो मोठ्या रुग्णालयाचा निरोप्या होऊन बसतो. अशा वेळी, येथे शिकावयाचे काही नाही, तेव्हा निदान परीक्षेची तरी तयारी करू, असे त्याने म्हटले तर त्याला उत्तर काय द्यावयाचे? शिकविणाराने पाठ फिरविली म्हणजे शिकणारा खिडकीबाहेर पाहू लागतो; वर्गात काही वर्षे काढल्यामुळे हे आम्ही अनुभवाने सांगू शकतो.

परीक्षेच्या तयारीने मनाला जे वळण लागते त्याचाही विचार केला पाहिजे. एक साधे गणित करून पाहा. चार पर्यायांपैकी डोळे मिटून एकावर बोट ठेवले, तर चारदा एकदा ४ गुण मिळतील आणि तीनदा मिळून ३ गुण जातील. म्हणजे चार प्रश्नांमागे सरासरी एक गुण पदरात पडेल. दोनशेही प्रश्नांची उत्तरे अशी आंधळेपणाने दिली तरी सरासरी ५० गुणांची बेगमी होते. उत्तर ठाऊक नाही म्हणून प्रामाणिकपणे प्रश्न सोडणाराला मात्र शून्य मिळते. सारांश, अंदाज बांधून पुढे जावे, हीच या परीक्षेची शिकवण होय. आणि रुग्णशय्येची शिकवण काय? ‘मला हे समजत नाही, वरिष्ठांना विचारतो,’ असे म्हणावयास शिकणे हा डॉक्टरच्या शहाणपणाचा पहिला धडा. प्रश्नपत्रिकेत रोग चार नावांसह हजर होतो. रुग्ण येतो तेव्हा पर्याय घेऊन येत नाही. तो म्हणतो, ‘कसेतरी होते.’ त्या ‘कसेतरी’मधून रोगाचे नाव काढण्याची विद्या ६३ सेकंदांत तपासता येत नाही आणि वॉर्डाबाहेर मिळतही नाही.

या विद्येचे सामर्थ्य किती, याचे उदाहरण शोधण्यास महाराष्ट्राबाहेर जावयास नको. १९७० च्या दशकात तेव्हाच्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर काम करीत होते. लाल विंचवाच्या दंशाने कोकणात माणसे मरत, लेकरे मरत. त्या मृत्यूंचे कारण पुस्तकांत नीट सापडत नव्हते. डॉक्टरांनी ते रुग्णांच्या उशाशी बसून शोधले. नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी तासातासाने केल्या. विषाचा घाला हृदयावर पडतो आणि फुफ्फुसांत पाणी साचते हे ओळखले. आणि रक्तदाबावरील प्राझोसिन या औषधाचा उपयोग करून कितीतरी प्राण वाचविले. त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकाने छापली, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. आज ‘विंचूदंशावर कोणते औषध?’ हा प्रश्नपेढीतील एका ओळीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या आंतरवासींना तोंडपाठ आहे. पण ज्या आरोग्य केंद्रात हे उत्तर जन्माला आले, तसल्याच केंद्रातील नेमणूक चुकवून ते पाठ केले जाते, ही या साऱ्या व्यवस्थेवरील सर्वांत कठोर टीका होय.

यावर कोणी म्हणेल की, पुढे पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे आहेतच. हाताचे काम तेव्हा शिकेल. हा युक्तिवाद दोन कारणांनी फसवा आहे. पहिले असे की, प्रत्येकाला ती तीन वर्षे मिळत नाहीत, आणि मिळाली तरी ती एकाच विषयाची असतात. नेत्रतज्ज्ञाला बाळंतपणाचा हात पुन्हा कधीच मिळत नाही. दुसरे असे की, महाराष्ट्रात शासकीय व महापालिकांच्या महाविद्यालयांतून पदवी घेणारास एक वर्षाची बंधपत्रित सेवा करावी लागते. म्हणजे काल आंतरवासिता संपविलेला तरुण उद्या एखाद्या दूरच्या आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी होतो. मेळघाटात किंवा गडचिरोलीत मध्यरात्री अडलेली बाई त्याच्या दारात येते तेव्हा तिला त्याच्या क्रमांकाशी कर्तव्य नसते. त्याच्या हातांना सवय आहे की नाही, एवढ्यावर दोन जीव अवलंबून असतात.

आणि एवढे करून या परीक्षेने गुणवत्तेची काही किमान पातळी तरी राखली आहे काय? सप्टेंबर २०२३ मध्ये जागा रिकाम्या राहतात म्हणून पात्रतेची पातळी सर्व प्रवर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणण्यात आली. म्हणजे जो परीक्षेस बसला तो पात्र ठरला. रिकाम्या जागा राष्ट्राला परवडत नाहीत, हे आम्ही मान्य करतो. परंतु मग एवढे तरी कबूल करावे की, उत्तम डॉक्टर निवडण्याची ही चाळण नसून आवडत्या जागा वाटण्याची ही रांग आहे. रांगेसाठी रांग ठीक. पण तिच्यासाठी शिक्षणाचे एक अख्खे वर्ष बळी द्यावे, इतकी तिची योग्यता नाही.

मग उपाय काय? रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे होऊ नये. आंतरवासींच्या हजेरीसाठी बोटांचे ठसे घेणारी यंत्रे बसवून त्यांची मने वॉर्डात येणार नाहीत. मूळ दोष वेळापत्रकाचा आहे, आणि तो वेळापत्रकातच दुरुस्त केला पाहिजे. ही परीक्षा आंतरवासितेच्या आधी घ्या, नाही तर नंतर घ्या. परंतु तिच्या मानेवर बसवू नका. आधी घ्यावयाची तर मार्ग तयार आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्याने अंतिम वर्षासाठी एका सामायिक परीक्षेची तरतूद केली आहे, तीवरच पदव्युत्तर प्रवेशही व्हावयाचे आहेत. आणि २०२३ मध्ये जाहीर झालेल्या योजनेत आंतरवासितेनंतर प्रत्यक्ष कौशल्याची दुसरी परीक्षा ठेवण्यात आली होती. ती योजना त्याच वर्षी जुलैमध्ये स्थगित झाली आणि अद्याप अमलात आलेली नाही. निरनिराळ्या महाविद्यालयांतील अध्यापनात जमीनअस्मानाचे अंतर असताना असा एकाएकी बदल लादू नये, हे विद्यार्थ्यांचे म्हणणे रास्त होते. परंतु त्याचे उत्तर योजना गुंडाळून ठेवणे हे नसून पुरेशी पूर्वसूचना देऊन ती टप्प्याटप्प्याने आणणे हे होते. हातांची परीक्षा बाहेरच्या परीक्षकांनी घ्यावी, आणि ती केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्णाची असावी; तिचे गुण प्रवेशात धरू नयेत, नाहीतर वशिल्याला नवे दार उघडेल.

आणि परीक्षा नंतरच घ्यावयाची असेल, तर आंतरवासितेचा शेवट आणि परीक्षा यांच्यामध्ये तीन महिन्यांचा मोकळा काळ हवा. एवढा वेळ वाया कसा घालवावा, असे विचारणारांनी सध्याचा हिशेब पाहावा. २०२५ मध्ये परीक्षा ३ ऑगस्टला झाली, निकाल १९ ऑगस्टला लागला, आणि तरीही ऑक्टोबर उजाडला तेव्हा अखिल भारतीय प्रवेशाची पहिली फेरीदेखील सुरू झालेली नव्हती. जे महिने आज परीक्षेनंतर नुसती वाट पाहण्यात जातात तेच परीक्षेपूर्वी अभ्यासासाठी दिले, तर कोणाचाही एक दिवस जास्त खर्च होणार नाही. यासाठी परीक्षेचा दिवस किमान एक वर्ष आधी जाहीर व्हावा, आणि राष्ट्रावर खरेच संकट आल्यावाचून तो हलू नये. आणि महाराष्ट्र शासनास आमचे वेगळे सांगणे असे की, परिचरांच्या रिकाम्या जागा भरण्यास दिल्लीची परवानगी लागत नाही. आंतरवासीच्या हातातील नमुन्यांची पेटी काढून घ्या, त्याला वरिष्ठांच्या फेरीत उभे करा, आणि मग त्याच्याकडून निष्ठेची अपेक्षा करा.

तरुण मित्रांसही दोन शब्द सांगितले पाहिजेत. व्यवस्था सुधारेल तेव्हा सुधारेल. तुमचे वर्ष मात्र तोवर थांबणार नाही. प्रश्नपेढी टाकून द्या, असे आम्ही म्हणत नाही; तसे म्हणणे ढोंगीपणाचे होईल. परंतु वॉर्ड हा अभ्यासाचा शत्रू आहे, हा तयारी करून देणारांनी पसरविलेला समज तपासून घ्या. ज्याने एक मधुमेही रुग्ण आठवडाभर स्वतः पाहिला, त्याला त्या विषयाचे निम्मे प्रश्न वेगळे पाठ करावे लागत नाहीत, आणि जे त्याच्या ध्यानात राहते ते परीक्षेनंतरही राहते. आणि पालकहो, मुलाला रोज रात्री ‘किती प्रश्न झाले?’ असे विचारता, तेव्हा कधीतरी ‘आज कोणते रुग्ण पाहिलेस?’ असेही विचारा.

क्रमांकाचा उपयोग एका वर्षाच्या प्रवेशापुरता. हाताचा उपयोग आयुष्यभराचा. रुग्णालयाच्या दारात आलेला गरीब माणूस डॉक्टरला त्याचा क्रमांक विचारीत नाही. तो विश्वासाने हात पुढे करतो, आणि त्या हाताची नाडी पाहावयास शिकविणारे वर्ष आपण त्याच्या डॉक्टरकडून काढून घेतले आहे, हे त्याला ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी तरी ते वर्ष परत द्यावे.